नातीला दाखवण्याचा कार्यक्रम

बिहेविअर कन्सल्टंट आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी कांदेपोहे केले होते. तेवढ्यावर थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी नातीला परकर-पोलकं घातलं, चापून तेल लावून दोन वेण्या घातल्या, त्यात अबोलीचा गजरा माळला, तिला सोफ्याच्या मधोमध बसवलं आणि खालच्या वॉचमनला पटवून सोसायटीच्या पाण्याची मोटर बंद ठेवायला लावली. पोरीला त्रास कशाचा होतो ते बघायला त्या बाई आल्या होत्या. मी त्यांना तेवढं सोडून बाकी सगळं दाखवलं.

मूर्खपणा सगळेच करतात. पण इतक्या तयारीने, इस्त्रीबिस्त्री करून, वर कोथिंबीर-खोबरं पेरून मूर्खपणा करणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, आज रस्त्यात गाठता आलं तर मी तिच्या हातातला तो पोह्यांचा ट्रे आधी काढून घेईन.

आम्ही गंगापूर रोडला राहतो. मुलगा, सून, नात आणि मी. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर आमच्या गॅलरीखाली पाण्याची मोटर. घर घेताना मुलाने पार्किंग बघितलं, मी देवघराची दिशा बघितली, मोटर कोणीच बघितली नाही. नातीला ऑटिझम आहे हे ती तीन वर्षांची असताना कळलं. डॉक्टरांनी मराठीत 'स्वमग्नता' असा शब्द सांगितला. मला तो फार आवडला. "मग्न असणं काही वाईट नाही," मी सुनेला म्हणाले, "आपले संत काय कमी मग्न होते?"

सून म्हणाली, "संतांना शाळेत प्रवेश घ्यायचा नव्हता, आई."

माझी सून कमी बोलते. पण बोलते तेव्हा आपण काय बोललो होतो ते आपल्यालाच नको वाटतं.

नात पहिलीत गेली तेव्हा थोडंफार बोलायची. आपण बोललेलंच आपल्या चालीत परत म्हणायची. कपड्यांचे चिमटे तिला जीव की प्राण. गॅलरीच्या कडेने ती चिमट्यांची रांग लावायची, लाल, निळा, लाल, निळा, आणि एखादा पिवळा मध्ये आला की तो उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवायची. त्याने माझी फार करमणूक व्हायची. पण संध्याकाळी मोटर सुरू झाली की तिचं सगळं बिघडायचं. आधी हात. दोन्ही हात कानांशी नेऊन ती पाखराच्या पंखांसारखे हलवायची. कधी तेवढ्यावर भागायचं. कधी भागायचं नाही, मग किंचाळणं आणि अंगठ्याच्या बुडाशी स्वतःलाच चावणं. तिथे घट्टा पडला होता. मी तिथे रोज तूप लावायचे आणि वर देवीचा अंगारा. तूप घट्टा मऊ पडावा म्हणून, अंगारा मला बरं वाटावं म्हणून.

शाळेतही तसंच व्हायला लागलं. घंटेचा आवाज, डबा खाताना होणारा गलका. एकदा तिने शेजारच्या मुलीचा डबा उडवला. मुख्याध्यापिकेने सुनेला बोलावून गोड आवाजात सांगितलं, की एखाद्या जाणकाराने मुलीला बघावं, काय करायचं ते आम्हाला लिहून द्यावं, आम्ही तसं करू. नाही तर दिवाळीनंतर तुम्ही दुसरीकडे बघा. शाळेत तिला मैत्रिणी नव्हत्या. पण शाळेची पिवळी व्हॅन होती, तिची खिडकीची जागा होती, आणि घरी आल्यावर फळ्यावरची तारीख बाईंच्या आवाजात म्हणून दाखवणं होतं. एवढी शाळा तिला पुरत होती. तेवढी टिकवायची होती.

म्हणून सुनेने त्या कन्सल्टंट मॅडम शोधल्या. त्या पुण्याच्या, नाशिकला अधूनमधून यायच्या. त्यांची वेळ मिळायला गणपती येऊन गेले. फोनवर त्यांनी बजावलं होतं, "मला नेमकी तीच संध्याकाळची वेळ बघायची आहे. घर रोजच्यासारखं ठेवा. मुलीलाही रोजच्यासारखी राहू द्या." सुनेने जेवताना हे आम्हा सगळ्यांना सांगितलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, नव्या पिढीला काही कळत नाही. बघायला येणाऱ्या माणसाला रोजचं घर कोणी दाखवतं का?

आता मला हे ज्ञान कुठून मिळालं तेही सांगते. मी सटाण्याची. आमचे वडील कांदा नामपूरच्या बाजाराला न्यायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माल भरताना वरच्या थराला मोठा, गोल, लालचुटुक कांदा यायचा. लिलावात व्यापारी वरूनच बघून बोली लावतात. पुढे व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना खालचा बारीकसारीक माल निघाला की व्यापारी 'वांधा' काढतो, मग भाव पाडायचा, मग भांडणं. वडील म्हणायचे, वांधा खळ्यावर निघतो, बोली तर आधी लागून जाते ना!

माझं लग्नसुद्धा असंच लागलं. मी डावखुरी. आमच्याकडे तेव्हा मुलीने डाव्या हाताने वाढणं म्हणजे घरात जवळपास अपशकुनच. पाहुणे बघायला यायच्या आधी आठवडाभर आई माझ्याकडून उजव्या हाताने पोह्यांच्या बश्या द्यायचा सराव करून घेत होती. डावा हात पुढे आला की चापट. "डावा हात खाले ठेव वं माय!" प्रत्यक्ष कार्यक्रमात मी डावा हात पदराखाली असा दाबून धरला की त्याला मुंग्या आल्या. "पोर साजरी शे," शेजारच्या काकू माझ्याकडे न बघता, पाहुण्यांकडे बघत म्हणाल्या. बोली लागली. वांधा निघाला लग्नानंतर, पहिल्या पंगतीत, जेव्हा मी सासऱ्यांना डाव्या हाताने वरण वाढलं. सासूबाईंनी माझ्या हातातून पळी काढून घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं पंगतीत मला वाढायला उभं केलं नाही.

यातून शहाण्या बाईने काय शिकावं? की लपवू नये. मी काय शिकले? की झाकली मूठ सव्वा लाखाची, फक्त जरा जास्त वेळ झाकून ठेवायची.

तर मॅडम यायच्या आधी दोन-तीन आठवडे मी नातीचा सराव सुरू केला. सून ऑफिसला गेली की घर आमचं. मी दाराबाहेर जाऊन बेल वाजवायची, आत येऊन तिला सोफ्यावर बसवायची, तिचे दोन्ही हात तिच्याच मांड्यांखाली सारायची आणि म्हणायची, "हात खाली. पाहुणे आलेत. शहाणी ना माझी ती?" हात खाली राहिले की तळलेल्या कुरडईचा एक तुकडा. कुरडईसाठी ती पोरगी जीव टाकायची. कुरकुर वाजणारं तिला सगळंच आवडतं. सुरुवातीला हात लगेच बाहेर यायचे. मग थोडे थांबायला लागले. मग बेल वाजली की ती स्वतःच धावत येऊन बसायला लागली, हात खाली, डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे. मला इतका अभिमान वाटला! डॉक्टरांना जमलं नाही, शाळेला जमलं नाही, एका सातवी पास म्हातारीने करून दाखवलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंना मी जिन्यात अडवून म्हटलंसुद्धा, "अहो, प्रेमाने सांगितलं की मुलं ऐकतात." नाकाने कांदे सोलायची सवय सटाण्याहूनच बरोबर आणली होती.

ठरलेल्या दिवशी चिमट्यांची टोपली मी तांदळाच्या डब्यात लपवली. कुकर दुपारीच लावून टाकला, शिट्टी नको म्हणून. वॉचमनला पोहे देऊन सांगितलं, "आज मी सांगेपर्यंत मोटर लावायची नाही. घरी मोठे पाहुणे आहेत." तो पेठ तालुक्याकडचा, भला माणूस. "टाकीत पानी कमी हाय, आजी," एवढंच म्हणाला.

मॅडम आल्या. जीन्स, पाठीवर सॅक, वयाने माझ्या सुनेपेक्षाही लहान. सोफा सोडून सरळ जमिनीवर बसल्या. सून ऑफिसातून धावतपळत आली होती. नातीचं परकर-पोलकं बघून ती दारातच थबकली. माझ्याकडे बघितलं. मी नजर पोह्यांकडे वळवली.

मॅडम बसून राहिल्या. नातही बसून राहिली. पोलक्याच्या जरीने तिच्या गळ्याला लाल चट्टा उठत होता, ते मला दिसत होतं. मोटरची वेळ आली आणि गेली. घरात इतकी शांतता की खालच्या रस्त्यावरचा भेळवाला ऐकू येत होता. मॅडमनी घड्याळ बघितलं.

"रोज याच वेळेला होतं ना?"

"हो, रोज," सून म्हणाली. "खरंच रोज होतं, मॅडम. आज कसं काय..."

"एखादा व्हिडिओ आहे का?"

"ती हात चावत असताना मी फोन धरू की तिला धरू?" सुनेचा आवाज चढला. मॅडमनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं. डॉक्टर लोक रोग्यापेक्षा नातेवाइकांकडे बघतात तसं. आणि माझ्या मुलाने, माझ्या लाडक्या मुलाने, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "अगं, तू जरा दमलीयेस. तुला कधी कधी जास्त वाटतं."

त्या क्षणी मला तोंड उघडता आलं असतं. 'मोटर मी बंद करवलीये,' एवढे चार शब्द. सून माझ्यासमोर, एका परक्या बाईसमोर आणि स्वतःच्या नवऱ्यासमोर खोटी ठरत होती आणि मी विचारत होते, "मॅडम, पोह्यांवर लिंबू पिळू?"

मॅडमनी पोहे खाल्ले नाहीत. जाताना त्या सुनेला म्हणाल्या, "मी जे बघितलं तेच लिहू शकते. न बघितलेल्यावर उपाय लिहून दिला तर तो अंदाज होईल. पुन्हा वेळ घ्या, मी परत बघेन." बोलणं रास्त होतं. पण पुढची वेळ थेट संक्रांतीनंतरची होती.

त्यांची गाडी वळली असेल नसेल, तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. नात उठता उठता परत खाली बसली, हात मांड्यांखाली. दार सुनेने उघडलं. दारात वॉचमन.

"आजी, पाहुनं गेलं ना? आता लावू का मोटर? वरच्या मजल्यावर लय बोंब चालू हाय, नळाला थेंब नाय."

सुनेने त्याला शांतपणे सांगितलं, "लावा." मग ती स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं आता भांडी आपटणार, आणि मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागले. तिने तांदळाचा डबा उघडला. तिला कसं कळलं कोण जाणे. बहुतेक याआधी काही लपवलं तेव्हाही मी तिथेच लपवलं असेल. टोपली काढली, चिमट्यांवरचे तांदूळ झटकले, नातीचं पोलकं उतरवून तिला तिचा जुना विटका फ्रॉक घातला आणि गॅलरीत तिच्याशेजारी बसून राहिली. मुलगा मात्र माझ्याकडे आला. "आई, तुझा हेतू चांगला होता," असं म्हणाला. मुलगे असलं बोलतात म्हणून आया सुधारत नाहीत.

शाळेला त्या भेटीच्या अहवालात जे हवं होतं ते बरोबर सापडलं. घरी काही त्रास दिसला नाही, असं मॅडमनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बघा, म्हणजे मुलगी घरी छान राहते. तिला आमचीच शाळा मानवत नाही." मी खाली बारीक कांदा लपवला होता, त्यांनी माझीच ट्रॉली घेऊन मलाच वांधा काढला. सून वाद घालत राहिली, पुन्हा तपासणी होईपर्यंत थांबा म्हणाली. दिवाळीची सुट्टी संपली आणि नातीचं नाव शाळेतून काढावं लागलं.

त्यानंतरच्या सकाळी मला लिहवत नाहीत, पण लिहायला हव्यात. नात आपणहून गणवेश घालायची, दप्तर पाठीला लावायची आणि फाटकाशी जाऊन उभी राहायची. व्हॅन यायची, आमच्या फाटकापाशी जरा हळू व्हायची, जुन्या सवयीने, आणि पुढे जायची. खिडकीच्या जागेवर दुसरं पोर. नात रडायची नाही. वर येऊन फळ्यावरची तारीख म्हणायची, शाळा सुटली त्या दिवसाची. दर सकाळी तीच तारीख. त्या वेळी मी तिला आत ओढायची, लोक बघतात म्हणून. हो, तेव्हासुद्धा.

आज ती माझ्यापेक्षा उंच झाली आहे. तशी पुढे वाट निघाली. मुलांना जरा समजून घेणारं एक केंद्र मिळालं, तिथे ती दुपारपर्यंत जाते, कागदाच्या पिशव्या चिकटवते, आणि लाल पिशवी निळ्या पिशवीशेजारीच ठेवते. पण ती शाळा परत मिळाली नाही, आणि आधीचं सगळं पुसून टाकेल असं काही घडलं नाही. लोकांना वाटतं म्हातारीच्या गोष्टीला शेवटी गोडाचा घास असावा. माझ्याकडे नाही.

त्या वर्षी संक्रांतीनंतर, ठरल्याप्रमाणे, मॅडम परत आल्या. त्याआधी मी सुनेला म्हटलं, "मी त्या दिवशी सटाण्याला जाते." ती हो म्हणेल आणि माझी सुटका होईल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "नाही. मॅडमनी घर रोजच्यासारखं ठेवायला सांगितलंय. रोजच्या घरात तुम्ही असता."

या वेळी पोहे नव्हते. नात विटक्या फ्रॉकमध्ये गॅलरीत रांग लावत होती. अर्धी रांग झाली होती. बेल वाजली. तिने हातातला निळा चिमटा तिथेच टाकला, धावत आली, सोफ्यावर बसली आणि हात मांड्यांखाली घातले. मॅडम दारातून हे बघत होत्या. मग आत येऊन जमिनीवर बसल्या.

मोटर सुरू झाली. मी वाट बघत होते की आता ती हात कानांशी नेईल, पंख हलवेल. तिने हात बाहेर काढलेच नाहीत. खांदे थरथरायला लागले, मान ताणली गेली, डोळे स्वयंपाकघराच्या दाराला चिकटलेले, आणि हात मांड्यांखाली तसेच, बोटं पांढरी पडेपर्यंत दाबलेले. मग तिने खालचा ओठ चावला. इतका चावला की हनुवटीवर रक्त आलं. सून धावली. वॉचमनला हाक मारून मोटर बंद करवली.

ओठाला बर्फ लावून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "हात हलवणं हा तिचा तो आवाज सोसायचा मार्ग असणार. चावणं थांबवायला हवं होतं, हलवणं नाही. हात खाली ठेवायला तिला कोणी शिकवलं?"

कोणी माझ्याकडे बघितलं नाही. त्यावरूनच समजलं, सगळ्यांना कळलंय.

"मी," मी म्हणाले.

"कसं?"

मी सांगितलं. बेल, सोफा, कुरडई, सगळं. मॅडम ऐकून घेत होत्या. "आजी," त्या म्हणाल्या, "आम्ही हीच पद्धत वापरतो. शिकवता तुम्ही उत्तम. पण शिकवलंत काय, ते बघा." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी मला भांडता येतं.

मग मी खुर्चीत बसल्या बसल्या समजावायला लागले. माझ्या आईचं, सटाण्याचं, डाव्या हाताचं, मी कसं पोरीच्या भल्यासाठी. बोलताना माझे हात चालतात, आणि डावा तर जास्तच. पंगतीतून काढला तरी तो माझ्या ताब्यात कधी आला नाही. आवाज चढला, हात हवेत, डोळ्यांना पाणी.

नात सोफ्यावरून उठली. सुजलेला ओठ घेऊन माझ्यासमोर आली. माझा डावा हात तिने हवेतच पकडला, मग उजवा. दोन्ही हात माझ्या मांड्यांखाली सारले, वरून आपल्या तळव्यांनी दाबले, आणि अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच लाडिक चालीत मला म्हणाली,

"हात खाली. पाहुणे आलेत. शहाणी ना माझी ती?"